लेकीच्या घरची गोळी

"माप तेच, गोळी तीच, माणूसही तोच. मग तात्याबा मरायला का टेकला, बाबा?"

नूरशाबाबा भरल्या घागरीचा ओघळ पुसत राहिले.

विश्वंभर वैद्याला आपल्या तराजूचा भारी तोरा. गुंजेचा फरक पडला तर नाव लावणार नाही, असं चारचौघांत सांगायचा. आज मात्र त्याची मती गुंग झाली होती.

तात्याबा जन्मभर खेचरं हाकलेला. कंबर मोडली तेव्हापासून, वीस वर्षं, दिवस कलला की बाबांच्या तकियात, त्या फकिरी मठीत, यायचा, चिंचेखाली घोंगडी अंथरायचा. ऊद जळायला लागला की विश्वंभरानं दिलेली अफूची गोळी जिभेवर ठेवायचा. परवा लेकीनं त्याला आपल्या गावी नेलं. विश्वंभर मुद्दाम तिथवर गेला, आपल्या हातानं तीच गोळी दिली. घटकाभरात म्हाताऱ्याचे ओठ निळे पडले, श्वास अडखळायला लागला. गार पाणी मारून, हलवून हलवून कसाबसा जगवला.

"आता कंबर पुन्हा ठणकतेय त्याची. लेक विचारते, आज संध्याकाळी गोळी देऊ का? काय सांगू तिला? भेसळ म्हणावी, तर त्याच डबीतली गोळी घेऊन इथला भिकोबा खुशाल हिंडतोय..."

तकियाचं पाणी शिष्यानं वाहायचं, हा तिथला रिवाज; नि विश्वंभर बाबांचा शिष्य. रोज विहिरीवर बाबा "हूं" म्हणायचे, विश्वंभर पाय रोवायचा, मग घागर त्याच्या खांद्यावर यायची.

बाबा उठले. हळूच त्याच्या पाठीमागं गेले. विश्वंभर अजून डबीचंच सांगत होता, तेवढ्यात भरली घागर खांद्यावर आली. तो गुडघ्यांवर कोसळला. पाणी सगळं अंगावर.

"मारता की काय, बाबा..."

"घागर तीच. खांदाही तोच."

"अहो, पण मला काय ठाऊक? तुम्ही 'हूं' म्हणाला नाहीत."

"नाही म्हणालो."

...

ओल्या धोतरानिशी विश्वंभर तसाच बसला. घागरीचा नि गोळीचा संबंध काय? डोक्यात नुसता गोंधळ. समोर चिंचेखाली घोंगडीची जागा रिकामी होती. कुणीतरी ऊद पेटवला होता.

"म्हणजे गोळी द्यायची की नाही, बाबा?" तो रडवेला झाला होता.

बाबांनी रिकामी घागर उचलली.

"आधी मला सांगा, वैद्यबुवा. इथं रोज चिंचेखाली ऊद जळायचा. लेकीच्या घरी तात्याबाच्या अंगाला 'हूं' कोण म्हणालं?"