आधी बाळंतीण, मग बाळ

ऐक जिवतीबाई, तुझीच कहाणी तुला सांगते. बायांनो, हातात अक्षता घ्या, कुजबूज पुरे करा. कोणाचं लेकरू रडलं तर इथेच बसून पाजा, त्यासाठी उठून जाऊ नका.

एक होतं आटपाट नगर. नगरात तांबटांची आळी. दिवसभर हातोड्यांची ठणठण, हंडे घडताहेत, घागरी घडताहेत, हाक मारली तर तिसऱ्या हाकेला ऐकू जाई. त्या आळीत एक घर होतं. घरात सासू, तिचा धाकटा लेक आणि त्याची बायको साळू. थोरला लेक दुसऱ्या गावी राही. साळूला आई नव्हती, म्हणून पहिलटकरीण असून ती माहेरी गेली नाही. बाळंतपण सासरीच झालं. मुलगा झाला. आळीभर साखर वाटली.

मग काय झालं? सासूने न्हाणीशेजारच्या खोलीत बाज टाकली, खाली शेगडी ठेवली, दार लोटून घेतलं. दहा दिवसांची सोयर. देवाचं आणि चुलीचं करणारीने बाळंतिणीला शिवायचं नाही, अशी त्या घरची रीत. ताट उंबऱ्याशी येई, उंबऱ्यावरून परत जाई. सुईण सकाळी येई, न्हाऊ घाली, धुरी देई, तिला पुढच्या घरची घाई. मग दिवसभर साळू आणि बाळ, बाळ आणि साळू.

दूध उतरलं, छाती भरून दगड झाली. साळूने बाळाला पाजायला घेतलं. तिला कोणी शिकवलं नव्हतं, बाळाला तरी कोणी शिकवलं होतं? त्याने नुसती बोंडी धरली आणि चावल्यासारखी ओढली. साळूच्या डोळ्यांपुढे काजवे चमकले. तिने पदराचा बोळा तोंडात कोंबला, पायाची बोटं आवळून धरली. दोन घोट झाले की ती बाळाला ओढून काढी. मग बाळ रडे, मग पुन्हा घेई, मग पुन्हा तेच. बोंड्यांना चिरा पडल्या. एकदा बाळाच्या ओठाला तांबडं दिसलं, साळूचा जीव उडाला. बघते तर रक्त तिचंच. बाळाचं नव्हे म्हणून तिला बरं वाटलं. इतकं तिचं स्वतःकडे लक्ष.

आता तुम्ही म्हणाल, बाई, तोंड शिवलं होतं का? सांगायचं की सासूला. तर ऐका. सासूने पहिल्याच दिवशी उंबऱ्यापलीकडून बजावलं होतं, बाळंतिणीने दुखतं म्हणू नये, दूध आतून ऐकत असतं, दुखतं म्हटलं की रुसून माघारी जातं. साळूने ते गाठीला बांधलं. सासू विचारी, दूध आहे ना? साळू म्हणे, आहे. नवरा दारातून विचारी, बाळ पितं ना? साळू म्हणे, पितं. पुढे तिसरा प्रश्न कोणी विचारीच ना.

मग बाळ बघायला बायका आल्या. पहिली आली मावससासू, टोपडं घेऊन. उंबऱ्यात थांबली, म्हणाली, बाळ बघू. साळूने बाळ दोन्ही हातांनी उचलून पुढे धरलं. मावससासूने बाळाचं नाक बघितलं, आजोबांचं आहे म्हणाली, गेली. दुसरी आली शेजारीण, हळिवाचे लाडू घेऊन. साळूने बाळ पुढे धरलं. शेजारणीने रंग बघितला, उतरेल म्हणाली, गेली. तिसरी आली कासारीण, काळ्या मण्यांच्या मनगट्या घेऊन. साळूने बाळ पुढे धरलं. कासारणीने मनगट बघितलं, बारीक आहे हो म्हणाली, गेली. प्रत्येक वेळी साळूचं तोंड बाळाच्या मागे झाकलेलं. रडून रडून सुजलेलं ते तोंड एकीनेही पाहिलं नाही. दार लोटलं की ती एकटीच हुंदके देई, आणि बाहेर ठणठण चालू.

मग साळूला ताप भरला. छातीत एका बाजूला गाठ आली, हात लावू देईना. बाळ सुकत चाललं. सासू उंबऱ्याशी येऊन म्हणाली, दूध रुसलं तुझं. मी निरोप धाडलाय, संध्याकाळी पलीकडच्या गावची दाई येईल, बाळाला घेऊन जाईल, पाजून मोठं करून आणील. साळूने मान हलवली. नेलं तर सुटेन, असं क्षणभर मनात आलं. आलं मात्र, आणि त्या मनाचीच तिला भीती वाटली. तिने बाळाला पोटाशी आवळलं. तशीही छाती दुखली.

भर दुपारी एक म्हातारी दारी आली. कपाळाला मळवट, कडेवर कोणाचं तरी पोर, पदराला धरून आणखी दोन. सासू म्हणाली, बाळ बघायला आलीस तर बाई उंबऱ्यातून बघ, सोयर आहे. म्हातारी म्हणाली, मला सोयर लागत नाही. सरळ आत गेली. साळूने सवयीने बाळ उचलून पुढे धरलं. म्हातारीने ते हळूच खाली घेतलं.

"बाळ आहे तिथेच आहे. तुझं तोंड बघू दे. दुखतं का गं?"

साळूने दाराकडे बघितलं. दारातून सासू कळवळून म्हणाली, "तिला बोलायला लावू नकोस. दूध ऐकेल."

"दूध ऐकत नाही गं. तू ऐक," म्हातारी म्हणाली. "तुझ्या वेळी तुझ्याजवळ कोण बसलं होतं?"

सासूने पदर बोटाला गुंडाळला, सोडला, पुन्हा गुंडाळला. मग म्हणाली, "कोणी नाही. मलाही असंच दुखलं. मी बोलले नाही. थोरला दाईकडे दिला. चालायला लागल्यावर परत आणला, तर मला बघून भोकाड पसरलं, दाईचा पदर सोडीना. अजून माझ्या घरी पाहुण्यासारखा येतो."

एवढं बोलली आणि उंबरा ओलांडून आत आली. बाजेवर बसली. सुनेच्या पाठीवर हात ठेवला. म्हणाली, "साळू, दुखतं का?"

"हो," साळू म्हणाली. "फार दुखतं, आत्याबाई. मला एकटीला हे होत नाही."

आणि रडली, पोटभर रडली. सासूही रडली. दूध कुठे गेलं नाही, चोळी भिजली.

मग म्हातारीने बाळाचं पोट आईच्या पोटाला लावलं, हनुवटी छातीला टेकवली. बाळाने मोठ्ठा आ केला, तेव्हा जवळ घेतलं. नुसती बोंडी नाही, भोवतालचं सगळं तोंडात दिलं. सासूने कोमट फडक्याने शेकलं, गाठीवरून हलका हात फिरवला, पाजून झाल्यावर दुधाचेच थेंब चिरांवर लावून वाळू दिले. दुखायचं एकदम थांबलं नाही हो. आज थोडं, उद्या त्याहून कमी. ताप उतरला. त्याच दिवशी संध्याकाळी दाई आली होती, तिला सासूने जेवू घालून, साडी नेसवून परत पाठवलं.

म्हातारी निघताना साळूने विचारलं, आजी, वसा काय घेऊ? म्हातारी म्हणाली, ज्या घरी पाळणा हलेल तिथे जावं. रिकाम्या हाताने गेलं तरी चालेल, पण उंबऱ्यात थांबू नये. आधी आईचं तोंड बघावं, मग बाळाचं. दुखतं का विचारावं, आणि उत्तर येईपर्यंत उठू नये. इतकं म्हणाली आणि दाराबाहेर पडली. सासू ओटी घेऊन मागे धावली, तर आळीत कोणी नाही.

बारशाला बायका जमल्या. सगळ्या म्हणाल्या, बाळ कुठाय, बाळ आणा. सासू खोलीच्या दारात आडवी उभी राहिली. म्हणाली, बाळ छान आहे. आधी माझ्या सुनेला भेटा.

जशी जिवती साळूजवळ बसली, तशी तुमच्याआमच्या लेकीसुनांजवळ बसो. आणि जिची वेळ कधीच निघून गेली, जिला तेव्हा कोणी विचारलं नाही, तिला आज शेजारची विचारो. साठ बोलांची कहाणी, पाच बोलांत सांगून झाली, ऐकणारीला फळो, सांगणारीला फळो.