देवालाही झोप असते

एकदा एक योग शिकवणाऱ्या वृद्ध बाई आपल्या शिष्येची तब्येत विचारायला निघाल्या. शिष्या चाळिशीची. काही वर्षं पहाटे उठून, घाम गाळून तिने आपलं जवळजवळ निम्मं वजन उतरवलं होतं. पण पोटावरची कातडी सैल होऊन लोंबतच राहिली. उन्हाळ्यात ती घासायची, सोलवटायची. शेवटी शस्त्रक्रिया करून ती काढली, पोटाला नवा आकार आला. डॉक्टरांनी घरी सोडताना बजावलं, "पाठीशी उशांची उतरंड, गुडघ्यांखाली एक उशी, पोटावर कमरपट्टा. हळूहळू चाला, पण ओणवं व्हायचं नाही. आणि झोपा."

उशा आल्या, पट्टाही आला, खाटेसमोर आडोशाला पडदाही टांगला. झोप मात्र उंबरठ्यावरच अडली, कारण तिथे पाहुण्यांची गर्दी होती.

पहिल्या दिवशी सासरच्या आत्याबाई आल्या. घराण्यातलं सर्वांत मोठं माणूस. उशांकडे बघून म्हणाल्या, "आमच्याकडे पोट कापलं ते बाळंतपणात, नाहीतर आजारात. हौसेचं दुखणं पहिल्यांदाच बघतेय. यालाही पडून राहावं लागतं होय गं?"

ते वाक्य शिष्येला टाक्यांपेक्षा खोल लागलं. तेव्हापासून दार वाजलं की ती कुशीवर वळायची, दात आवळून उठायची, आलेल्याच्या पायाशी वाकायची आणि चहाचं आधण ठेवायची. आपण लाड करून घेत नाही, हे तिला दाखवून द्यायचं होतं. वडीलधारे आशीर्वाद देत, चहा पीत, "छान हिंडतेस की" म्हणून निघून जात. आणि टाक्यांचं एक टोक लाल होऊन पाझरू लागलं. डॉक्टर म्हणाले होते, हे उसवलं तर पुन्हा टेबलावर घ्यावं लागेल.

बाई आल्या तेव्हा दार नुसतं लोटलेलं होतं. त्यांना पाहताच शिष्या उठू लागली. बाई तशाच मागे फिरल्या आणि दार ओढून बाहेर उभ्या राहिल्या.

शिष्या गोंधळली. कदाचित बाईंची चप्पल काढायची राहिली असेल. दार पुन्हा उघडलं. तिने हात टेकून पाठ उचलली. बाई पुन्हा बाहेर.

"बाई, माझं काही चुकलं का?" तिने आतूनच विचारलं.

"तू उठशील तितक्या वेळा मी बाहेर जाईन," दारापलीकडून शांत उत्तर आलं. "माझे गुडघे दुखतात. लवकर ठरव."

शिष्या उशांवर टेकली. यावेळी दार उघडलं तेव्हा ती हलली नाही. फक्त डोळे भरले. बाईंनी जवळ येऊन गुडघ्यांखालची घसरलेली उशी सारखी केली आणि खुर्ची ओढून बसल्या.

"बाई, हे मी हौसेने ओढवून घेतलंय. कोणत्या तोंडाने लोळत पडू?"

"हौस की गरज, हे टाक्यांना कळत नाही. त्यांना फक्त ताण कळतो. देवळात शेजारती झाली की पुजारी काय करतो?"

"पडदा ओढतो."

"मग दारात कितीही मोठा माणूस आला तर?"

"देव निजले, पहाटे या, म्हणतो."

"त्यात कुणाचा अपमान होतो का? विश्वाचा भार वाहणाऱ्याला निजायची मुभा आहे. आणि जिचं पोट एका कुशीपासून दुसऱ्या कुशीपर्यंत शिवलंय, तिने उठून चहा टाकायचा. हा आदर नव्हे, पोरी, ही सवय आहे. घाम गाळणं ही तुझी साधना होती, तशी झोपणं हीसुद्धा आहे. पहिली कुणाला विचारून केली नाहीस. दुसरीला परवानगी कशाला?"

एवढ्यात बाहेर काठी वाजली. आत्याबाई. खोलीत येऊन त्या पाय जरासे पुढे करून उभ्या राहिल्या, नेहमीसारख्या.

शिष्येचा हात चादरीवर आवळला. मग सैल झाला. "आत्याबाई, नमस्कार," ती उशांवरूनच म्हणाली, हात जोडून. "आज मी उठणार नाही. उद्याही नाही. टाके भरले की स्वतः तुमच्या घरी येऊन वाकेन."

आत्याबाईंचं तोंड उघडलं. तोच शिष्या पुढे म्हणाली, "बाई, जरा पडदा ओढता का?"

बाईंनी खाटेसमोरचा पडदा कडी वाजवत ओढून घेतला. आणि ज्यांनी उभ्या आयुष्यात शेजारती चुकवली नव्हती, त्या आत्याबाईंचे हात, पडदा सरकताना पाहून, त्यांच्याही नकळत जोडले गेले. क्षणभर त्या स्वतःच्या हातांकडे बघत राहिल्या. मग त्यांनी काठी उचलून काखेत धरली, आवाज होऊ नये म्हणून, आणि कुजबुजल्या, "चहाचं भांडं कुठे असतं हो? आपल्या दोघींपुरता मीच टाकते."

पडद्याआड शिष्या खुदकन हसली, पोट दुखलं म्हणून थांबली, आणि कितीतरी दिवसांनी गाढ झोपली.

ज्या घरात देवासाठी पडदा आहे, तिथे माणसासाठीही एक टांगावा. आणि तो ओढायला निजणाऱ्याने लाजू नये.