चौथऱ्यावर न चढलेले इंजिन

एकदा एका साखर कारखान्यातले छोटेसे वाफेचे इंजिन कामावरून बाजूला काढण्यात आले. कित्येक हंगाम त्याने शिवारातला ऊस गाळपाच्या गव्हाणीपर्यंत ओढून आणला होता. पुढे ट्रॅक्टर आले आणि ते शेडमध्ये गंजत पडले. अखेर अध्यक्षांनी ठरवले, की त्याला रंग देऊन प्रवेशद्वाराशी चौथऱ्यावर बसवावे.

कारखान्याचे वृद्ध फोरमन यासीन उस्ताद म्हणाले, "साहेब, आधी चालवून दाखवतो. मग ठरवा."

"दाखवा," अध्यक्ष हसले. "पण बंद पडलं, तर त्याच दिवशी चौथऱ्यावर."

उस्ताद आणि त्यांची शिष्या शरयू उन्हाळाभर आणि पावसाळाभर राबली. बॉयलरच्या नळ्या बदलल्या, चाके उतरवून पुन्हा बसवली. दिवाळीच्या सुमारास इंजिन यार्डात असे सहज धावू लागले, की शरयूचे डोळे भरून आले.

हंगामाचा पहिला दिवस उजाडला. सारे गाव जमले होते. शरयू इंजिनावर चढली आणि थबकली. उस्तादांनी मागे उसाने गच्च भरलेल्या वाघिणी जोडायला लावल्या होत्या. वाटेत तर कालव्याच्या पुलाचा चढ होता!

"उस्ताद, रिकामं नेऊ या ना! आज बंद पडलं तर सगळं संपलं."

"चल, पोरी," एवढेच ते म्हणाले.

चढावर वेग मंदावला. चाके जागच्या जागी गरगरू लागली. कुणीतरी ओरडले, "गेलं!" शरयूने वाफ कमी केली. उस्ताद रुळांवर वाळू टाकत पुढे चालू लागले. तिने श्वास रोखून वाफेचा दांडा पुन्हा हळूहळू ओढला. चाकांनी रूळ धरला. एक धापेचा हुंकार, मग दुसरा, आणि इंजिन वाघिणींसह पूल चढून गेले! शिट्टीचा आवाज शिवारभर घुमला. म्हातारी माणसे पोरांसारखी रुळांलगत धावत सुटली.

गव्हाणीपाशी शरयूने विचारले, "उस्ताद, रिकामं आणलं असतं तरी टाळ्या मिळाल्याच असत्या. मग हा धोका कशाला?"

उस्ताद म्हणाले, "आजवर लोकांना त्याची कीव येत होती. ज्याची कीव येते त्याला माणसं सजवून कोपऱ्यात ठेवतात. आज त्यांनी त्याचं बळ पाहिलं. ते चढावर थांबलं असतं तर चौथऱ्यावर गेलं असतं, तरी निदान दोष कळला असता. पण ओझं घातलंच नसतं, तर त्याच्या ताकदीची शंका कायमची राहिली असती. आणि तुझ्या हाताचीही."

तेवढ्यात अध्यक्ष गर्दीतून वाट काढत आले. त्यांचा फेटा सुटला होता. "उस्ताद," त्यांनी धापा टाकत विचारले, "कालव्यापलीकडचा ऊस उद्यापासून यावरच आणता येईल का?"

उस्तादांनी शरयूकडे बोट दाखवले.

"येईल," शरयू म्हणाली.

त्या संध्याकाळी तिने भट्टी विझवली नाही. निखारे राखेखाली नीट झाकून ठेवले, सकाळी लवकर वाफ धरायची होती.