बागेच्या बाजूचं एक माणूस

हैबतराव महाराजांना काचमहाल बांधायचा होता आणि त्यासाठी त्यांना भर शहरातली जुनी वनस्पतीबागच हवी होती. चांदेपूर संस्थानात माळरानाला तोटा नव्हता. पण माळावर महाल बांधला तर तो बघायला येणार कोण? पुढे काचमहाल, मागे दुमजली दुकानांची नवी पेठ, असा बेत दिवाणजींनी आखला. महाराजांना तो पसंत पडला. दसरा झाला की बागेवर कुऱ्हाड चालणार होती.

बाग महाराजांच्या पणजोबांनी वसवलेली. कापूर, नागकेशर, जायफळ, सीतेचा अशोक, कुठून कुठून झाडं आणली होती त्यांनी. वैद्यबुवा औषधाचा पाला इथूनच न्यायचे, बाळंतिणींचे काढे इथल्याच मुळ्यांचे आणि उन्हाळ्याच्या दुपारी अर्धं शहर इथेच आडवं व्हायचं. रखमाजी माळ्याची हयात या बागेत गेली. आता गुडघे साथ देत नव्हते, म्हणून त्याची लेक तुळसा बाग सांभाळत होती. कुऱ्हाडीची बातमी आली आणि म्हाताऱ्याने अन्न टाकलं. भरलं ताट रोज तसंच परत यायचं. शेवटी ती उठली आणि थेट दरबारात जाऊन उभी राहिली.

"महाराज, बाग तोडू नगा. समद्यांना हवी हाय ती."

"समद्यांना म्हणजे कुणाला?" महाराजांनी दरबारावर नजर फिरवली. "काकासाहेब, तुम्हाला हवी आहे?"

काकासाहेब म्हणाले, छे छे. आईसाहेबांनी पडद्याआडून निरोप धाडला की महाराजांची मर्जी तीच आपली मर्जी. राजवाड्यात सगळ्यांची मर्जी एकच असे. त्यामुळे कारभार फार सोपा होता.

"बघितलंस?" महाराज म्हणाले. "तरी तुला एक संधी देतो. आमच्या घराण्यातलं एक माणूस बागेच्या बाजूने उभं करून दाखव. बाग राहील. नाही जमलं, तर पहिली कुऱ्हाड तुझ्या हातची."

दरबार हसला. महाराजांच्या शब्दाबाहेर जाणारं माणूस घराण्यात उरलंच नव्हतं. तसे एक दुसरे चुलते होते, ते केव्हाच काशीला जाऊन राहिले होते.

तुळसाने जरा विचार केला. "लगीन होऊन घराण्यात आलेलं चालंल?"

"चालेल."

"पर त्या दरबारात न्हाई यायच्या. घर सोडून कुटंच जात न्हाईत. तुमालाच यावं लागंल."

"येऊ," महाराज म्हणाले. आपल्या घराण्यात अशी कोण आहे, हे त्यांनाही बघायचंच होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी महाराज बागेत आले. सोबत दिवाणजी होते आणि मैनाराणीही होत्या, कारण काचमहाल त्यांच्यासाठीच होता. तुळसाने सगळ्यांना तळ्यापलीकडच्या कोपऱ्यात नेलं. तिथे रुईचं एक झाड होतं. झाडाला हिरवं लुगडं नेसवलेलं, बुंध्याला हळदकुंकू. शेजारी घोंगडीवर रखमाजी बसला होता, ठेवणीतलं पागोटं घालून.

"या कोण?" महाराजांनी विचारलं.

"वळखलं न्हाई व्हय? थोरल्या राणीसाहेब."

महाराजांना आठवलं. त्यांच्या दोन राण्या देवाघरी गेल्या होत्या आणि तिसरीलाही धोका आहे, असं ज्योतिषाने सांगितलं होतं. म्हणून रीतीप्रमाणे तिसरं लग्न रुईशी लावलं. अंतरपाट धरला, मंगलाष्टकं झाली. राजाचा सासरा व्हायला कुणी धजेना, तेव्हा रुई लावणाऱ्या रखमाजीनेच कन्यादान केलं. मग मैनाराणी चौथ्या म्हणून आल्या आणि धोका टळला. तिसऱ्या राणीची मात्र पुढे कुणी चौकशी केली नाही.

"अगं, ते लग्न शास्त्रापुरतं," महाराज म्हणाले.

"म्हंजी खोटं?"

"खोटंच की," दिवाणजी म्हणाले.

"मग मैनाराणीसाहेब तिसऱ्या झाल्या," तुळसा शांतपणे म्हणाली.

मैनाराणी झटकन पुढे आल्या.

"लग्न खरं आहे," त्या घाईघाईने म्हणाल्या. "अगदी खरं आहे. महाराज, तुम्ही आता काही बोलू नका."

महाराज तरी बोललेच. "पण या बागेच्या बाजूने आहेत, हे कशावरून?"

"इचारा की त्यांनाच. म्हणावं, तुमचं माहेर मोडायचं हाय, उठा हितनं. उठून चालाय लागल्या, तर पयली कुऱ्हाड मीच घालते."

महाराजांनी रुईकडे पाहिलं. रुई जागची हलली नाही. इतक्या ठामपणे त्यांच्यापुढे घराण्यातलं कुणी आजवर उभं राहिलं नव्हतं.

दिवाणजींना अजून पेठेची आशा होती. "एवढं एक झाड ठेवू," ते हळूच म्हणाले. "बाकीची तोडू."

तुळसा त्यांच्याकडे वळलीसुद्धा नाही. "ही समदी झाडं माज्या बापानं पोटच्या पोरांवानी वाढवली. म्हंजी राणीसाहेबांची भावंडंच झाली." मग तिने पदर सावरला. "दाजी, मेव्हण्यांवर कुऱ्हाड घालतं का कोन?"

महाराजांना आजवर दाजी म्हणायची कुणाची छाती झाली नव्हती. त्यांनी मिशीवर हात ठेवला, मिशी थरथरली आणि मग ते असे हसले, असे हसले, की नागकेशरावरचे पोपट उडाले. दिवाणजीही हसले, जरा उशिरा.

"दिवाणजी, काचमहाल माळावर," डोळे पुसत महाराज म्हणाले. "आमची सासुरवाडी आहे तशी राहील." हातातलं सोन्याचं कडं काढून त्यांनी मेव्हणीला दिलं, खांद्यावरचा शेला सासऱ्याच्या अंगावर घातला आणि ते निघाले.

"थांबा, जावईबापू," रखमाजी म्हणाला. सकाळपासून तो प्रथमच बोलत होता. "लगीन झाल्यापास्नं पयल्यांदा दारी आलाय. उपाशी न्हाई जायचं. तुळसे, ताटं घे."

तुळसाने नागकेशराच्या सावलीत महाराजांचं ताट मांडलं.

"आन् माजं बी वाढ," म्हातारा म्हणाला.