जुन्या राउटरची वाट

वस्तू आपापसांत बोलत, त्या काळातली ही गोष्ट. मालिनीबाईंचा राउटर जळाला आणि त्याच्या जागी नवा आला. दिवाणखान्यातला स्पीकर लगेच त्याला जोडला गेला. स्वयंपाकघरातला मात्र जुन्याचंच नाव पुकारत राहिला.

“ते नाव पुसलंस, तरच माझ्याशी जोडला जाशील,” नवा राउटर म्हणाला.

“आणि तो परत आला तर?”

“अरे वेड्या, त्याला भंगारवाल्याने नेलं,” दिवाणखान्यातला स्पीकर म्हणाला.

“तरी मी पुसणार नाही.”

तेवढ्यात मालिनीबाई स्वयंपाकघरात आल्या. यजमान गेल्यापासून त्यांना गाण्यांचीच सोबत होती.

“लाव रे काहीतरी, घर खायला उठतंय,” त्या म्हणाल्या.

स्पीकर गेलेल्यालाच हाका मारत राहिला. थोडं थांबून त्यांनी त्याचा प्लग काढला आणि एका भाकरीपुरतं पीठ मळायला घेतलं.