आठव्या खुर्चीचा विडा

आडगव्हाणचं चांदणी मल्टिप्लेक्स बंद पडून बरीच वर्षं झाली, पण त्याची तिकिटाची खिडकी अजून चालू आहे. दर शुक्रवारी गावातल्या बाया तिथे येतात आणि जिथून पूर्वी तिकिटं बाहेर यायची त्या भोकातून ओट्या आत सरकवतात. सात खण, सात नारळ, सात ओंजळी तांदूळ. त्यांच्याही आधी एक विडा, तंबाखू घातलेला. दुसऱ्या दिवशी सकाळी बघावं तर ओट्या जागच्या जागी असतात आणि विडा तेवढा गेलेला असतो. इथे नवीन फ्लॅट बघायला आलेले लोक हसतात. हसू द्यावं. थिएटर पाडून टॉवर का बांधत नाहीत, असंही ते विचारतात. मग त्यांना सावलीला बसवून गेनबाची गोष्ट सांगावी लागते.

चांदणी उभी राहिली त्या जागी कोंढऱ्यांचा मळा होता आणि मळ्यात विहीर होती. विहिरीच्या कोनाड्यात शेंदूर माखलेले लिंबाएवढे सात खडे होते. त्या साती आसरा, पाण्यातल्या बाया. काठावर जरा अंतर राखून आठवा धोंडा होता, काळा आणि थोराड. तो त्यांचा भाऊ. आसरा वाईट नसतात, पण लहरी फार. त्यांना गाणं आवडतं, हिरवा चुडा आवडतो आणि तरण्या पोरी तर फारच आवडतात. आवडलेली पोर त्या नावाने हाक मारून पाण्यात बोलावतात. त्यांना आवरतो तो भाऊ. म्हणून नैवेद्य आधी भावाला आणि मग बायांना, अशी इथली रीत होती.

विहीर बुजवायचीच झाली तर त्याचीही रीत होती. आधी भावाला हलवायचं. मग सातही खडे कळशीत घालून त्यांच्यावर विहिरीचं पाणी ओतायचं आणि कळशी अनवाणी नदीला नेऊन सोडायची. वाटेत ती कुठेही टेकवायची नाही. जिथे कळशी टेकली तिथे बाया बसल्या, आणि एकदा बसल्या की उठवणं कुणाच्या बापाला जमत नाही.

गेनबा कोंढरे हा त्या मळ्याचा शेवटचा मालक. माणूस सरळ, पण मानपानाचा भुकेला. कुणी 'शेठ' म्हटलं की विरघळलाच. बायको लवकर गेली होती. घरात एकुलती एक लेक वैजयंता आणि म्हातारी चिंधाआत्या. वैजूवर त्याचा जीव इतका, की लेकीला ठेच लागली तर कळ गेनबाच्या डोळ्यांत दिसायची. शहरातल्या एका बिल्डरला त्याने मळा दिला तोसुद्धा एका अटीवर. थिएटर झालं की तिकिटाच्या खिडकीवर माझी वैजू बसेल. पोरीने काचेच्या घरात, पंख्याखाली बसून नोकरी करावी एवढीच त्याची हौस होती.

भूमिपूजनाच्या सकाळी चिंधाआत्याने विहिरीवर जाऊन खडे कळशीत घातले, पाणी भरलं आणि घरी येऊन कळशी गेनबाच्या खांद्यावर दिली.

"आदी भावाला उचल," ती म्हणाली. "भाऊ नसला तर बाया कुनाच्या बाचं ऐकायच्या न्हाईत."

पण आत्या खडे घेऊन घरी आली तेवढ्यात जेसीबी येऊन गेला होता. आठवा धोंडा मुरमाबरोबर विहिरीच्या तळाला पडला होता. गेनबा चरकला, तरी कळशी घेऊन निघाला. असं सांगतात, की तो मांडवाजवळून जात असतानाच लाऊडस्पीकरवर त्याचं नाव पुकारलं. जमीनमालक गेनबाशेठ कोंढरे यांचा सत्कार आहे, त्यांनी व्यासपीठावर यावं. साऱ्या गावासमोर शाल, श्रीफळ आणि फोटो. खांद्यावर कळशी घेऊन शाल कशी पांघरायची? गेनबाने इकडेतिकडे पाहिलं आणि कळशी सिमेंटच्या पोत्यांच्या आडोशाला टेकवली. एका हारापुरतीच.

हार घालून परत आला तेव्हा कळशी रिकामी होती. गवंड्यांनी ते पाणी पायाच्या पहिल्या सिमेंटच्या मालात ओतलं होतं, खड्यांसकट. गेनबाच्या तोंडचं पाणी पळालं. कुणाला सांगावं तर सत्काराची शोभा होणार. तो गप्प घरी आला.

"सोडून आलास का रं?" आत्याने विचारलं.

"व्हय," गेनबा म्हणाला.

चांदणी सुरू झालं तेव्हा आसपासच्या गावांतून ट्रॅक्टर भरभरून माणसं आली. चार पडदे, गार हवा, लाल खुर्च्या. सगळं झकास, फक्त तीन नंबरच्या हॉलमध्ये पहिल्या रांगेतल्या सात खुर्च्या कायम ओल्या. एसी गळतो म्हणून मेस्त्री आले, खुर्च्या बदलल्या, नव्याही ओल्या झाल्या. शेजारची आठवी मात्र कोरडी ठणठणीत. तो हॉल बरोबर विहिरीवर आला होता, हे गेनबा सोडून कुणाच्या ध्यानात नव्हतं.

मग लोक कुजबुजू लागले. सिनेमात शांत प्रसंग असला की पुढून बांगड्या वाजतात म्हणे. गाणं लागलं की हॉलभर शेवाळाचा वास सुटतो. तरण्या पोरी खेळ सुटल्यावर बाहेर येत, तर त्यांच्या वेण्या ओल्या असत आणि कितीतरी वेळ त्या बोलत नसत. आणि एकदा शेजारच्या वस्तीवरची नवी नवरी मध्यंतरानंतर उठलीच नाही. नवऱ्याने हलवलं, तर तिच्या नाकातोंडातून पाणी आलं. पोरगी बुडून मेली होती, आणि हॉलमध्ये ओंजळभरही पाणी नव्हतं.

त्या दिवसापासून गेनबाला अन्न गोड लागेना. पोरगी दुसऱ्याची मेली होती, पण कळशी त्याने टेकवली होती. वैजूला नोकरी सोड म्हणावं तर कारण सांगावं लागणार. तो रोज तिच्या वेणीला हात लावून बघायचा, कोरडी आहे ना.

एका संध्याकाळी वेणी ओली लागली.

"आबा, रोज दुपारी सातजणी येतात," वैजू कुठेतरी दूर बघत म्हणाली. "हिरवी लुगडी नेसलेल्या. आठ तिकिटं मागतात. आठवं कुणाचं विचारलं तर म्हणतात, भावाचं. भाऊ तर कधीच दिसत न्हाई. काल म्हणाल्या, त्यो येत न्हाई तर तू ये. माझं नाव ठाऊक हाय त्यांना, आबा."

गेनबा तिथेच खाली बसला. एवढे दिवस दाबून ठेवलेलं सगळं त्याने आत्याच्या पायाशी ओकलं. शाल, हार, रिकामी कळशी, गाडलेला धोंडा. आत्या रागावली नाही, आणि त्याचीच गेनबाला जास्त भीती वाटली.

"त्या आता उठायच्या न्हाईत," ती एवढंच म्हणाली. "त्यांना आवराया भाऊ पायजे. त्यो तू गाडलास."

दुसऱ्या दिवशी शुक्रवार होता. आत्याने वैजूला घरात कोंडून दाराला कडी घातली होती. दुपारी कडी तशीच होती आणि वैजू नव्हती. उंबऱ्यावर ओल्या पावलांची रांग होती. गेनबा विडा चघळत अंगणात बसला होता, तो तसाच पळत सुटला.

तिकिटाची खिडकी रिकामी होती. तीन नंबरच्या हॉलबाहेर 'हाऊसफुल्ल'ची पाटी पेटली होती, आणि त्या खेळाचं एकही तिकीट विकलं गेलं नव्हतं. गेनबाने दार ढकललं. आतलं जे सांगतात ते वैजूने पुढे सांगितलेलं. पडद्यावर चित्र चालू होतं, आवाज नव्हता. पहिल्या रांगेत सात डोकी होती, केस मोकळे आणि ओले. आठव्या खुर्चीत वैजू होती आणि पाणी तिच्या हनुवटीला लागलं होतं. तिला हाक मारायची होती, पण तोंड उघडलं तर पाणी आत येईल या भीतीने ती बापाकडे नुसती बघत राहिली.

  गेनबा पायऱ्या उतरला, डोक्याचा पटका काढून त्याने वैजूच्या खांद्यावर टाकला आणि त्या सात जणींना हात जोडले.

"बायांनो, माझ्या लेकीला उठवा. तिच्या जागी भाऊ आलाय."

म्हणे सातही डोकी एकदम वळली. त्यांचे चेहरे कसे होते ते वैजूने कधी कुणाला सांगितलं नाही. बापाने दंडाला धरून तिला वर ओढलं आणि तिच्या जागी तो बसला. "मागं बगू नगंस, पोरी," तो म्हणाला. तिने पाहिलंच. पाणी त्याच्या छातीला लागलं होतं आणि त्याने विडा एका गालातून दुसऱ्या गालात सरकवला.

माणसं हॉलमध्ये शिरली तेव्हा जमीन कोरडी होती. सात खुर्च्या ओल्या होत्या. आठवी आता कुणी बसल्यासारखी दबलेली होती आणि तिच्यात कुणी नव्हतं. गेनबा पुन्हा सापडला नाही. त्यानंतर कुणी पोर बुडाली नाही, पण दिवसभर हाऊसफुल्लची पाटी पेटायची आणि तिकीट काढायला माणूस यायचा नाही. बिल्डरने 'दुरुस्तीसाठी बंद' असा फलक लावला आणि तो शहरात निघून गेला तो गेलाच.

आजही वैजयंताबाई शुक्रवारी सगळ्यांच्या आधी येतात. केस पांढरे झालेत, खांद्यावर बापाचा पटका असतो. त्या विडा स्वतःच्या हाताने लावून ठेवतात, मग सात ओट्या ठेवतात आणि खिडकीत तोंड घालून म्हणतात, "आबा, मी हाय बरं का." मग थोडा वेळ कान देऊन थांबतात. सकाळी विडा गेलेला असला की गावाला कळतं, भाऊ जागेवर आहे, आज पोरींना शाळेत पाठवायला हरकत नाही. टॉवरसाठी माणसं येतात, पैशाला तयार असतात. आम्ही त्यांना एवढंच विचारतो, कळशी कोण उचलणार? अजून कुणी पुढे आलेलं नाही.

गेनबा गेला तेव्हाच पन्नाशीचा होता. त्यालाही वय झालं असणार, असं वैजयंताबाई हल्ली म्हणतात आणि रडतात.

तुमच्याबरोबर ही मुलगी आली आहे ना, तिला जरा जवळ बसवा. खिडकीकडे जाऊ देऊ नका. गेल्या शुक्रवारचा विडा अजून तसाच पडून आहे.