अस्वलरावांचं मधाचं धोरण

जंगलातही मंत्री असायचे, तेव्हाची गोष्ट. मध वाढावा म्हणून मंत्री अस्वलरावांनी परक्या गांधीलमाश्यांना फुलांचा अख्खा डोंगर दहा वर्षं फुकट दिला. मधमाश्यांची पिलं उपाशी राहू लागली, तेव्हा राणी मधमाशी तक्रार घेऊन गेली, तर तपासनीस माकड तिचंच पोळं मोजायला आलं.

"बाई, घराला सहा कोपरे? परवाना चारचा आहे!"

"त्या गांधीलमाश्या मध करतात का, ते विचारलंत?"

"आवाज ऐका त्यांचा! केवढा मोठा उद्योग!"

राणी लवाजम्यासकट नदीपार निघून गेली.

डोंगरावरच्या नव्या पोळ्याच्या उद्घाटनाला अस्वलरावांनी टाळ्यांच्या गजरात आत हात घातला. तो बाहेर आला मधाविना, गांधीलमाश्यांसकट.

सुजलेल्या तोंडाने ते नदीपार धावले. "राणीसाहेब, परत या! दुप्पट सवलत देतो."

"सवलत नको, अस्वलराव. फुलं मोकळी करा, आणि कोपरे आमचे आम्हाला मोजू द्या."